कृष्णपुऱ्याला पोचायला उशीर झाला तो रविवार

मी बोलतेय ती इंदूर-महू रस्त्यावरची एक म्हातारी बस. तुम्ही मला पाहिलं असेल. राऊच्या चढावर मी धापा टाकते, माझं मागचं दार दोरीने बांधलेलं असतं आणि टपावर दुधाचे कॅन खणखणत असतात. पण माझ्या डाव्या कुशीवरचा रंग जिथे पोपडे धरून निघालाय तिथे नीट बघा. खालून पिवळी अक्षरं डोकावतात: 'इन्दौर दर्शन'. एके काळी मी माणसांना फक्त पोचवत नव्हते, त्यांना शहर दाखवत होते. त्या दिवसांची ही हकीकत.

माझा जन्म छावणीतल्या एका कारखान्यात झाला. इंजिन आणि सांगाडा मुंबईहून रेल्वेने आला, अंग मात्र इथलंच. माझे मालक दत्तोपंत रोज येऊन सुताराच्या डोक्यावर बसायचे. खिडक्या अजून मोठ्या कर, पायरी अजून खाली घे. सुतार एकदा वैतागून म्हणाला, "पंतजी, इतनी बडी खिडकियाँ रखूंगा तो छत किस पर टिकाऊं?"

"वो तुम देखो," दत्तोपंत म्हणाले. "बसलेल्या माणसाला मान न वाकवता राजवाड्याचा सातवा मजला दिसला पाहिजे, बस्स."

दत्तोपंत होळकरांच्या मोटारखान्यात मिस्त्री होते. राज्य गेलं, मग मध्य भारत आला, तोही गेला. नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. 'आता इंदूरमध्ये बघण्यासारखं काय उरलंय' असं कोणी म्हटलं की दत्तोपंतांना ते मिरचीसारखं झोंबायचं.

त्यातच त्यांचे साडू पुण्याहून आले. दत्तोपंतांनी त्यांना टांग्यातून गाव दाखवलं. साडूंना राजवाड्यापुढून हलायचं नव्हतं, त्यांच्या बायकोला काच मंदिरातून निघायचं नव्हतं, आणि टांगेवाला दर दहा मिनिटांनी चाबूक आपटून 'चलो साब' म्हणत होता. संध्याकाळपर्यंत नवराबायकोचं भांडण झालं. त्या भांडणातून माझी कल्पना निघाली. एकच तिकीट, दिवसभर चालणारं. गाडी गोल फिरत राहील. वाटेल तिथे उतरा, पोटभर बघा, दीड तासाने गाडी परत येईल तेव्हा चढा.

स्टेशनवरून मी निघायची, गांधी हॉल, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या म्हणजे होळकरांच्या दगडी समाध्या, राजवाडा, काच मंदिर, बडा गणपती, लालबागचं फाटक, मग सात मजली नवं इस्पितळ आणि परत स्टेशन. दिवसाला पाच फेऱ्या. परवानगी मिळाली ती चार रविवारांची. चार रविवारांत लोकांना आवडलं तर पुढे बघू, नाहीतर ही गाडी महूच्या लाइनवर घाला, असं कचेरीतून सांगण्यात आलं.

आता प्रश्न होता की सांगणार कोण? दत्तोपंतांनी वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. तीन जण येऊन गेले. त्यातल्या एका मास्तरांनी सनावळ्या अशा म्हटल्या की दत्तोपंतांनाच डुलकी लागली. चौथी आली ती यशोधरा पोतनीस.

चोवीस-पंचवीस वर्षांची, सुती नऊवारी नाही, पाचवारी, खांद्यावर कापडी पिशवी. दत्तोपंत गडबडले. बाईमाणूस, भर बसमध्ये उभं राहून परक्या लोकांना मोठ्याने सांगणार? त्यांनी तिला टाळायचं म्हणून विचारलं, "बरं ताई, या कारखान्याबद्दल काय सांगाल? इथे तर काही बघण्यासारखं नाही."

यशोधराने इकडेतिकडे बघितलं. "या भागाला छावणी का म्हणतात ते आधी सांगते," ती म्हणाली, आणि बोलायला लागली. फौजेच्या तंबूंपासून ती सुरू झाली आणि सुताराच्या रंध्यापर्यंत आली. सुताराने रंधा खाली ठेवला. मीही अजून खिडक्या न बसलेल्या माझ्या अंगाने ऐकत राहिले. बोलताना ती उजव्या हाताचं बोट हवेत आडवं धरायची, जणू कागदावरची ओळ दाखवतेय.

"हे सगळं कुठे शिकलात?" दत्तोपंतांनी विचारलं.

"घरी. माझे वडील दरबारच्या दफ्तरखान्यात होते. लहानपणी झोपताना गोष्टी म्हणून मला हेच मिळालं."

"मग त्यांचं काय म्हणणं आहे या कामाबद्दल?"

"आईला माहीत आहे," ती म्हणाली.

दत्तोपंतांनी पुढे विचारलं नाही. वडिलांना, म्हणजे अप्पासाहेब पोतनीसांना, तिने सांगितलं होतं की रविवारी ती वाचनालयात बी.टी.चा, म्हणजे शिक्षिकेच्या परीक्षेचा, अभ्यास करते. अप्पासाहेब कसे होते ते ती ड्रायव्हर रघुवीरला एकदा सांगत होती, म्हणून मला माहीत. दरबार संपला तरी ते रोज सकाळी पगडी झटकून खुंटीला लावत. मुलीने शिकावं, शिक्षिका व्हावं, हे त्यांनीच ठरवलेलं. पण रस्त्यावर उभं राहून हाळी द्यायची ती भाजीवाल्यांनी, असं त्यांचं मत होतं.

पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता मी स्टेशनसमोर उभी राहिले. अठ्ठावीस जागांपैकी एकोणीस भरल्या. दारात यशोधरा, हातात पत्र्याचा भोंगा.

माणसांना बसमधून उतरायची किती भीती वाटते हे मला त्या दिवशी कळलं. चढायला ती एकमेकांच्या अंगावरून जातात. पण मी राजवाड्यासमोर थांबले, यशोधरा म्हणाली, "ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरा, गाडी दीड तासाने परत येईल," आणि कोणी हलेना. सियागंजचा एक व्यापारी चार-चारदा विचारत होता, "आएगी ना वापस? पक्का आएगी?" देवासचं एक जोडपं तर पाचही फेऱ्या जागेवर बसून राहिलं. डब्यातल्या पुऱ्या खाल्ल्या, शेवटी उतरलं आणि म्हणालं, "बहुत बडा है इन्दौर."

कोंडी फोडली ती स्नेहलतागंजातल्या एका आजीबाईंनी. काच मंदिराच्या गल्लीच्या तोंडाशी त्या उठल्या. "मी उतरते बाई. नाही आली गाडी तर चालत जाईन, पाय दिलेत देवाने." दीड तासाने मी परत आले तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या आणि शेजारच्या पानवाल्याला सांगत होत्या, "बघ, म्हटलं नव्हतं?" जणू मला त्यांनीच बोलावून आणलं होतं. त्यानंतर लोक उतरायला लागले. दुसऱ्या रविवारी तर जागा पुरल्या नाहीत. वळणावर मी दिसले की थांब्यावरची माणसं हात हलवायची, हातातली कचोरी उंच धरून दाखवायची, पोरं पुढे धावत यायची. मला वाटायचं, मी विलायतेहून परत येतेय.

आणि यशोधराच्या आवाजाला धार चढत गेली. पहिल्या फेरीला ती भोंगा तोंडापासून हलवायची नाही, पाचव्या फेरीला तिला त्याची गरज लागायची नाही.

मग तिसरा रविवार आला.

साडेनऊच्या फेरीला मी स्टेशनसमोर उभी होते. रतलामची गाडी नुकतीच येऊन गेली होती. दोन वयस्क गृहस्थ माझ्याकडे येताना दिसले. एक लठ्ठ, हसऱ्या चेहऱ्याचे, हातात वळकटी. दुसरे उंच, सडपातळ, काळा कोट, छत्री काखेत.

"अहो अप्पासाहेब, हे बघा," लठ्ठ गृहस्थ म्हणाले. "आपलं इंदूर आता तिकीट लावून दाखवतात. चला बसू."

"कृष्णराव, आपण टांगा करू. तुमची वहिनी पोहे करून वाट बघत असेल."

"पोहे कुठे पळून जातात? मी रतलामला गेल्याला बारा वर्षं झाली. मला बघू द्या आपलं गाव."

कृष्णराव वळकटीसकट चढले. मागोमाग अप्पासाहेबांनी एक पाय माझ्या पायरीवर ठेवला आणि वर बघितलं. दारात त्यांची मुलगी भोंगा घेऊन उभी होती.

अप्पासाहेबांचा दुसरा पाय जमिनीवरच राहिला. त्यांच्या हाताची पकड माझ्या दांड्यावर इतकी घट्ट झाली की मला ती कळली. मागून कोणीतरी म्हणालं, "बाबूजी, आगे बढो."

यशोधरा बाजूला सरली. "या काका," ती म्हणाली. "पुढे जागा आहे."

तिने काका म्हटलं, कारण दुसरं काय म्हणावं ते तिला सुचलं नाही. अप्पासाहेबांनी ते ऐकलं आणि ते कृष्णरावांशेजारी खिडकीला जाऊन बसले. कृष्णरावांनी तिला शेवटचं परकर-पोलक्यात पाहिलं होतं, त्यांना ओळख पटण्याचं कारण नव्हतं. मी निघाले.

गांधी हॉलच्या मनोऱ्यापाशी यशोधराने सांगायला सुरुवात केली. आवाज बारीक येत होता. "या घड्याळाला चार तोंडं आहेत," ती म्हणाली, "म्हणजे चारी दिशांच्या माणसांना उशीर झाल्याचं एकाच वेळी कळतं."

बस हसली. कृष्णराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "अप्पासाहेब, हे तर तुमचं वाक्य. दफ्तरात उशिरा येणाऱ्याला तुम्ही हेच ऐकवायचात."

"गावात सगळेच म्हणतात," अप्पासाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"काही म्हणा, पोरगी गोड सांगते. कोणाची आहे कोण जाणे. बापाने मेहनत घेतलेली दिसते."

अप्पासाहेबांनी छत्रीची मूठ पिळली. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी मी थांबले तसे ते ताडकन उठले. "कृष्णराव, उतरू या." खाली उतरताना ते तिच्याशेजारी क्षणभर थांबले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "घरी बोलू."

"पुढची फेरी सव्वाअकराला आहे," यशोधरा म्हणाली.

मी निघाले तेव्हा रघुवीरने आरशातून तिच्याकडे बघितलं. रघुवीर मालव्यातल्या खेड्याचा, बोलणं कमी, नजर तेज. "कईं हुयो, बेनजी?"

"कुछ नहीं भिया. चलिए."

पण राजवाड्यासमोर ती गप्प उभी राहिली. सगळ्या बसच्या माना वर, सात मजल्यांकडे, आणि सांगणारी गप्प. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे, हे वाक्य तिने दोन रविवार पाचपाचदा म्हटलं होतं. आज ते तिच्या ओठांवर आलं आणि परत गेलं. नंतर दत्तोपंतांना ती म्हणाली, "त्या क्षणी मला कळलं की माझं एकही वाक्य माझं नव्हतं. सगळी अप्पांची होती, आणि ते खाली उतरून गेले होते."

मग तिची नजर राजवाड्यावरून खाली आली. समोरच्या फरशीवर बांगडीवाल्या बसल्या होत्या. यशोधराने भोंगा खाली ठेवला. "वर बघून झालं असेल तर आता खाली बघा," ती म्हणाली. "त्या डावीकडच्या म्हाताऱ्या बाई दिसतात? त्यांच्या सासूबाई याच जागी बसायच्या. आत राहणाऱ्या बायकांना बाहेर यायची मुभा नव्हती. मग दासी यायच्या, मनगटाचं माप दोऱ्याने आणायच्या आणि तेवढ्या मापाच्या बांगड्या घेऊन जायच्या. या बाईंच्या घरात कोणीही राणीचा चेहरा बघितला नाही. पण मनगट किती बारीक होतं ते त्यांना अजून पाठ आहे. मी मागच्या आठवड्यात त्यांच्याशेजारी बसून हे ऐकलं."

मग निम्मी बस उतरली. राजवाडा राहिला बाजूला, बायका बांगड्यांपुढे जाऊन बसल्या.

मी इतकी खुशीत होते की माझ्या अंगात काय चाललंय याकडे माझं लक्ष नव्हतं. बडा गणपती मागे पडला, लालबागचा रस्ता लागला, आणि माझ्या नाकाडातून फस्स करून वाफेचा लोट उठला. रेडिएटरचा पाइप फाटला होता. रघुवीरने मला झाडाखाली घेतलं, झाकण उघडलं आणि डोक्याला हात लावला. "घंटो, सवा घंटो लागेगो."

आत बसलेली डझनभर माणसं उतरून गवतावर बसली. त्यांचं ठीक होतं, ती माझ्याजवळ होती. पण यशोधरा बोटं मोजत होती. गांधी हॉलला पाच, कृष्णपुऱ्याला अकरा, राजवाड्याला चौदा, काच मंदिराला आठ. "भिया, त्या सगळ्यांना मी सांगितलंय की गाडी परत येईल. ते उभे राहतील आणि गाडी येणार नाही. पुढच्या रविवारी कोण उतरेल आपल्या बसमधून?"

"तो कईं करां?"

तिने रस्त्यावरून जाणारा रिकामा टांगा थांबवला. एक थांबा मग दुसरा, उलट्या दिशेने जाऊन प्रत्येकाला स्वतः सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. टांग्यात चढताना ती रघुवीरला म्हणाली, "कृष्णपुऱ्याला माझे वडील आहेत. गांधी हॉलहून परत येताना, सगळ्यात शेवटी त्यांना तोंड दाखवते." रघुवीरने हातातला पाना खाली ठेवला आणि टांगा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्याने माझ्या पाइपावर अशी आवळली की ती पुढे सहा महिने टिकली.

कृष्णपुऱ्याला काय झालं ते मी पाहिलं नाही. पण कृष्णरावांनी ते त्या दिवशी माझ्यात बसून चार निरनिराळ्या प्रवाशांना चार वेळा सांगितलं, म्हणून मला पाठ आहे.

सव्वाअकरा वाजले. साडेअकरा वाजले. छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसलेले लोक कुरकुरायला लागले. ऊन चढत होतं, खालच्या घाटावर धोब्यांचे कपडे वाळत आले. सियागंजचा तो व्यापारी, जो दोन रविवार उतरला नव्हता आणि आज हिंमत करून उतरला होता, तो म्हणाला, "अब क्या आएगी बस. वो लडकी हमको ठग गई."

अप्पासाहेब दूर खांबाला टेकून उभे होते. ते पुढे आले. "बस येईल," ते म्हणाले. "ती मुलगी खोटं बोलत नाही."

"आपको क्या मालूम?"

अप्पासाहेबांनी काखेतली छत्री काढली आणि तिच्या टोकाने वरच्या कोरीवकामाकडे दाखवलं. "जब तक बस नहीं आती, ऊपर देखिए. ये जो आपके सिर पर है, इसके बारे में आप कुछ जानते हैं?"

आणि ते बोलायला लागले. कृष्णराव सांगत होते, "तीस वर्षं एका टेबलावर बसलो, पण हा माणूस असा बोलतो हे मला ठाऊक नव्हतं. आधी व्यापारी बसला. मग बाकीचे बसले. मग धोबी आले, पलीकडचा पुस्तकवाला दुकान सोडून आला."

यशोधराचा टांगा आला तेव्हा तिथे चाळीसएक माणसं होती. ती मागे उभी राहिली. अप्पासाहेबांची पाठ तिच्याकडे होती. तिने गर्दीला ऐकू जाईल असं सांगितलं, "बस बिघडली आहे. तासभर उशीर होईल. माझी चूक आहे, माफ करा."

"आने दो बहनजी, आराम से आने दो," व्यापारी मागे न बघता म्हणाला. "अभी बाबूजी का बाकी है."

अप्पासाहेब वळले. बापलेकीची नजरानजर झाली. एवढ्यात पुढे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "बाबूजी, ये पत्थर तराशने वाले कौन थे? उनके नाम कहीं लिखे हैं?"

"दफ्तरात नोंद नाही," अप्पासाहेब म्हणाले. "मला माहीत नाही." आणि मग मुलीकडे बघून म्हणाले, "तुला माहीत आहे?"

"नावं मलाही माहीत नाहीत," यशोधरा पुढे येत म्हणाली. "पण त्या खांबाच्या मागे या. हातोडीचा एक घाव चुकलाय, आणि तो झाकायला कोणीतरी तिथे एक छोटं पान कोरलंय. बाकी कुठल्याच खांबावर ते नाही."

सगळी गर्दी खांबामागे गेली. सगळ्यांच्या आधी अप्पासाहेब गेले. खिशातून चष्मा काढून त्यांनी ते पान बघितलं, बोटाने चाचपलं. "मी इथे शंभर वेळा आलो असेन," ते म्हणाले. मग दोघं आळीपाळीने सांगायला लागले, एक शिलालेखाचं, एक घावाचं. दोघांचंही उजव्या हाताचं बोट हवेत आडवं. कृष्णरावांनी एकाचं बोट बघितलं, दुसरीचं बघितलं.

"अप्पासाहेब," ते म्हणाले, "ही आपली यशू तर नव्हे?"

त्या चाळीस माणसांपुढे अप्पासाहेब म्हणाले, "हो. माझी मुलगी आहे."

साडेबाराला मी कृष्णपुऱ्याच्या वळणावर आले. सव्वा तासाच्या उशिराने मी अर्धमेली झाले होते. रघुवीरने भोंपू वाजवला. कोणी वळून बघितलं नाही. परत वाजवला. एका धोब्याने हात वर करून 'थांब जरा' अशी खूण केली. मला राग यायला हवा होता, पण मी खरंच थांबले, इंजिन बंद करून.

पुढच्या थांब्यावर, राजवाड्यासमोर, यशोधराने भोंगा वडिलांपुढे धरला. "याची गरज नाही," असं म्हणून ते दफ्तरात बोलायच्या आवाजात सुरू झाले. मागच्या बाकावरून हाक आली, "बाबूजी, सुनाई नहीं आ रहा." अप्पासाहेबांनी भोंग्याकडे एकदा बघितलं, मग तो उचलून तोंडाला लावला आणि राजवाड्याबद्दल इतका वेळ बोलले की शेवटी रघुवीरने न विचारता माझं इंजिन सुरू केलं.

संध्याकाळी पाच वाजता स्टेशनवर सगळे उतरले. कृष्णराव वळकटी घेऊन टांगा ठरवायला गेले. माझ्यात दोघंच उरली.

"आज भर रस्त्यात म्हणालो," अप्पासाहेब म्हणाले, "की ती मुलगी खोटं बोलत नाही. आणि ती तीन रविवार वाचनालयात होती."

यशोधराने मान खाली घातली. "सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो." त्यांनी छत्री काखेत मारली. "पुन्हा असं करू नकोस. भांडलीस तरी चालेल." मग म्हणाले, "त्या बांगडीवालीचं राजवाड्यापुढे सांगितलंस म्हणे. बसमधल्या बाया बोलत होत्या. ते तुला मी सांगितलेलं नाही."

"ते मी विचारून आले."

"आम्ही कधी विचारलं नाही." त्यांनी कोटाची बटणं लावली. "पुढच्या रविवारी राजवाड्यासमोर मला पाच मिनिटं दे."

"तीन."

"चार. आणि घड्याळाचं वाक्य माझं आहे, ते मी म्हणणार."

चौथ्या रविवारानंतर दत्तोपंतांनी मुदतवाढीचा अर्ज केला. त्या बिघाडाच्या दिवशी जे लोक ठिकठिकाणी उन्हात ताटकळले, ज्यांनी खरं तर तक्रार करायची, त्यांनीच त्या अर्जावर सह्या केल्या. पहिली सही सियागंजच्या व्यापाऱ्याची होती. पुढे चार हिवाळे मी फिरले. बापलेक माझ्यात पुष्कळ भांडली, बहुतेक वेळा मिनिटांवरून. रमाबाई, म्हणजे यशोधराची आई, एकदा आल्या आणि दोघांचं ऐकून म्हणाल्या, "घरी तरी कधी एवढं बोलता का?"

मग माझं इंजिन थकलं, दत्तोपंतही थकले, आणि मी महूच्या लाइनवर आले. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. इथे कोणी मध्येच उतरून परत चढत नाही. शिपाई, विद्यार्थी, दूधवाले, सगळ्यांना पोचायचं असतं. यशोधरा महूच्या शाळेत इतिहास शिकवते आणि आठवड्यातले सहा दिवस माझ्यातूनच जाते. शाळेच्या मुलींना ती राजवाडा कमी आणि माणसं जास्त दाखवते, असं तिच्या बाकाशेजारी बसणाऱ्या मुलींच्या बोलण्यावरून कळतं. अप्पासाहेबांना मात्र गाडीची गरजच उरली नाही. पंचाहत्तरीचे झालेत, आणि रविवारी सकाळी दहा-पंधरा लोकांना घेऊन पायीच फिरतात. किती मिनिटं बोलायचं हे सांगायला आता त्यांच्याजवळ रघुवीर नाही.

पुढच्या महिन्यात या लाइनवर नवी गाडी येणार आहे. मला कुठे नेणार ते अजून ठरलेलं नाही. काल ती नवी गाडी माझ्याशेजारी उभी होती, चकचकीत, रंगाचा वास ताजा. तिला काही सांगावंसं वाटलं, पण गाड्या एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही तिच्यात बसाल तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला खिडकीबाहेरचं काहीतरी दाखवा. त्याला आधीच माहीत असेल तर तो तुम्हाला त्यातलं तुम्हाला माहीत नसलेलं सांगेल. आणि तुमच्यासाठी कुठल्या थांब्यावर कोणी उभं असेल, तर उशीर झाला तरी जा. माणसं थांबतात. मी स्वतः पाहिलंय.